गाणं कापलं तरी गोष्ट अडली नाही

नव्वदच्या दशकात केबलवरचं कार्टूनचं चॅनेल रात्री झोपी जायचं आणि त्याच क्रमांकावर टीएनटी जागं व्हायचं. मेट्रो-गोल्डविन-मेयर ऊर्फ एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा सिंह मान वळवून डरकाळी फोडायचा आणि भडक रंगांचा एखादा जुना म्युझिकल सुरू व्हायचा. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. पण नाट्यसंगीत रोज कानांवर पडणाऱ्या घरातल्या पोराला, माणसं बोलता बोलता गायला लागली तर त्यात वावगं काही वाटत नाही. खटकायचं ते वेगळंच. क्लबचा किंवा सैनिकांसाठीच्या करमणुकीचा प्रसंग यायचा, पडदा सरकायचा, एक विलक्षण देखणी सावळी बाई खांबाशेजारी उभी राहून एक गाणं म्हणायची आणि जायची. पुन्हा यायचीच नाही. नायक-नायिकेशी तिचं एक वाक्य नाही. मी आजीला विचारलं, "ही परत कधी येते?" आजी म्हणाली, "पाहुणी असेल रे."

ती लीना हॉर्न होती, आणि आजीचं उत्तर तिला वाटलं त्यापेक्षा जास्त बरोबर होतं. १९४२ मध्ये एमजीएमने हॉर्नशी दीर्घ मुदतीचा करार केला. कृष्णवर्णीय बाईला असा करार मिळणं ही तेव्हा बातमी होती. त्याच वर्षी नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेचे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडच्या मालकांना भेटून, आमच्या माणसांना नुसती मोलकरणीची आणि हमालाची कामं देऊ नका, असं सांगत होते. हॉर्नला मोलकरीण करायचं नाही, हे स्टुडिओने पाळलं. पण मग करायचं काय, हे काही त्यांना सुचलं नाही. खांबाला टाचून ठेवलेलं फुलपाखरू, असं तिने आपल्या आत्मचरित्रात स्वतःचं वर्णन केलं आहे.

तो खांब कशासाठी होता, हे समजायला तेव्हाच्या चित्रपटगृहांची व्यवस्था बघावी लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत शाळा, बस, पाण्याचे नळ सगळं गोऱ्यांचं आणि काळ्यांचं वेगळं होतं. पडद्यावर काळा माणूस बरोबरीच्या नात्याने दिसला तर तिथली सेन्सॉर मंडळं बिथरत. मेम्फिस शहराच्या मंडळावर १९२८ पासून १९५५ पर्यंत लॉइड बिनफोर्ड नावाचे गृहस्थ ठाण मांडून होते. १९४७ मध्ये त्यांनी मुलांचा एक विनोदी चित्रपट अडवला, कारण त्यातल्या वर्गात गोरी आणि काळी मुलं एकत्र बसली होती. अशा माणसाशी भांडत बसण्यापेक्षा स्टुडिओने सोपी वाट काढली. गाणं असं चित्रित करायचं की त्याच्या आधीचा शॉट आणि नंतरचा शॉट एकमेकांना बेमालूम जुळतील. मधली फिल्म काढून टोकं चिकटवली की झालं. मेम्फिसच्या प्रेक्षकाला काही गेलंय याचा पत्ताही लागू नये. म्हणजे कापण्याची सोय पटकथा लिहितानाच करून ठेवलेली असे.

म्हणून या चित्रपटांबद्दल बोलताना मी डोकी मोजत नाही. किती काळे, किती लॅटिन, किती आशियाई, ही मोजदाद सोपी असते आणि तितकीच फसवी. मी एकच विचारतो: या माणसाला कात्री लावली तर गोष्ट अडते का? अडत नसेल तर ते माणूस पडद्यावर आलं खरं, पण पाहुणं म्हणून आलं. घर त्याचं नाही.

या कसोटीवर १९४० चा फॉक्सचा 'डाउन अर्जेंटाइन वे' लावून बघा. युरोपातला बाजार युद्धाने बंद होत चालला होता, रूझवेल्ट सरकारचं दक्षिण अमेरिकेशी चांगल्या शेजाऱ्याचं धोरण होतं, तेव्हा स्टुडिओने दक्षिण अमेरिकेला खूश करायचं ठरवलं. गोष्ट अर्जेंटिनाची. अर्जेंटिनी नायक डॉन अमिची, हा विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला, इटालियन बापाचा मुलगा. नायिका बेटी ग्रेबल. आणि दक्षिण अमेरिकेचा अस्सल माल म्हणून कार्मेन मिरांडा, जी ब्राझीलची. अर्जेंटिनाची भाषा स्पॅनिश, बाई गातात पोर्तुगीजमध्ये. कुणाला काय फरक पडतो! गंमत पुढेच आहे. मिरांडा तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेच्या कराराने बांधलेली होती, म्हणून कॅमेराच न्यूयॉर्कला गेला आणि तिची गाणी तिथे घेतली गेली. कथेतल्या नायक-नायिकेबरोबर ती एका चौकटीतही नाही. संपूर्ण चित्रपट पाहून आठवते ती तीच, आणि काढून टाकली तर कथेला ओरखडासुद्धा उठत नाही. अर्जेंटिनाच्या लोकांना हा प्रकार अजिबात आवडला नाही. त्याच वर्षी मिरांडा रिओला परत गेली तर तिथल्या बड्या लोकांनी तिचं थंड स्वागत केलं. ही आता अमेरिकन झाली म्हणाले. तिने त्यावरच एक गाणं म्हटलं. तिची ओळख बनलेली डोक्यावरची फळांची टोपली कुणी ठेवली हे कुणी विचारलं नाही, टोपलीखालच्या बाईला मात्र दोन्हीकडून ऐकावं लागलं.

याच चित्रपटात फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस हे दोघे भाऊ एका नाचापुरते येतात. त्यांची खरी करामत पाहायची तर १९४३ चा 'स्टॉर्मी वेदर' शोधावा, कारण हा नाच शब्दांत मावत नाही. तरी प्रयत्न करतो. कॅब कॅलोवेचा वाद्यवृंद वाजतोय. टेलकोट घातलेले हे दोघे वादकांच्या मधूनच, त्यांच्यासमोरच्या उंच चौथऱ्यांवर उड्या घेत येतात, पियानोवर चढतात. मग पांढराशुभ्र, रुंद पायऱ्यांचा जिना. एक भाऊ पायरीवर पाय फाकून सपाट बसतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर तसाच सपाट उतरतो, मग पहिला याच्यावरून. असं करत सगळा जिना. आणि प्रत्येक वेळी उठताना जमिनीला हात टेकायचा नाही. फाकलेले पाय नुसते आत ओढून माणूस उभा! चेहऱ्यावर मात्र चहाला आल्यासारखं हसू. हॉलिवूडचा नामांकित नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने या नाचाला चित्रपटांतला सर्वांत थोर नाच म्हटल्याचं सांगतात. आणि अशा माणसांना कथेत एक भूमिका, एक प्रेमप्रकरण, एक भांडण मिळालं नाही. १९४८ मध्ये गोरा नर्तक-नट जीन केलीने हट्टाने त्यांना 'द पायरेट'मध्ये आपल्या बरोबरीने नाचवलं, तेव्हा दक्षिणेतल्या काही शहरांत तो नाचच उडवला गेला.

'स्टॉर्मी वेदर' आणि त्याच वर्षीचा 'केबिन इन द स्काय' हे दोन्ही चित्रपट संपूर्ण कृष्णवर्णीय नटांचे होते. तिथे कात्री चालवायची कुठे? सगळंच कापावं लागेल. पण ही वेगळ्या पंगतीची सोय होती. ताट भरलेलं, पदार्थ उत्तम, फक्त पान दुसऱ्या ओसरीवर. मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे एक उत्तर हमखास येतं: "अहो, तो काळच तसा होता. आजची मापं त्या काळाला कशाला लावता?" हे वाक्य मला समंजस कमी आणि आळशी जास्त वाटतं. काळ म्हणजे कोण? वॉल्टर व्हाइट त्याच काळातले होते. लीना हॉर्नही त्याच काळातली. जेनी लेगॉनही. ही कृष्णवर्णीय नर्तिका १९३५ मध्ये कृष्णवर्णीय टॅप-नर्तक बिल रॉबिन्सनबरोबर पडद्यावर नाचली. एमजीएमने तिच्याशी करार केला आणि लवकरच मोडला. तेरा वर्षांनी अस्टेअरच्या 'ईस्टर परेड'मध्ये ती दिसते, अ‍ॅन मिलरची मोलकरीण म्हणून. नाचाच्या चित्रपटात नर्तिकेला नाचू दिलं नाही, हे तिला तेव्हा कळत नव्हतं की काय? अन्याय होत असताना ज्यांच्यावर तो होतो त्यांना तो दिसत असतोच. 'काळ तसा होता' म्हणताना आपण त्यांना त्यांच्याच काळातून वजा करतो.

अस्टेअरचंच घ्या. नाचातला हा देवमाणूस, आणि आपण कुणाकडून काय शिकलो याची त्याला जाण होती. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मध्ये त्याने बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनच्या सन्मानार्थ एक नाच केला. मागच्या भिंतीवर तीन प्रचंड सावल्या आणि पुढे तो एकटा; सावल्या दमून निघून जातात. तंत्र म्हणून आजही थक्क करणारा नाच. पण तो त्याने तोंडाला काळा रंग लावून केला. आपल्याकडे एखाद्याच्या तोंडाला काळं फासतात ते त्याची धिंड काढायला. इथे माणूस दुसऱ्याला मान द्यायला स्वतःच्याच तोंडाला काळं फासतो, आणि ज्याला मान द्यायचा त्याला बोलवत नाही. रॉबिन्सन तेव्हा जिवंत होता, नाचत होता. वर्षभरापूर्वीच त्याने चिमुकल्या गोऱ्या बालनटी शर्ली टेंपलचा हात धरून जिन्यावर टॅप केला होता, आणि सहा-सात वर्षांच्या पोरीचा धरलेला तो हातसुद्धा दक्षिणेत दाखवला गेला नाही.

चेहऱ्याचं हे झालं. आवाजाची गोष्ट आणखी मजेदार आहे, आणि पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्यासारख्यांना ती पटकन कळेल. 'सिंगिंग इन द रेन' हा १९५२ चा, माझ्या मते या जातीचा सर्वांत निर्दोष चित्रपट. त्याची कथाच आवाज चोरण्याची: फाटक्या आवाजाच्या नटीला पडद्यामागून एक गुणी मुलगी आवाज देते आणि शेवटी पडदा ओढून खरी गायिका जगाला दाखवली जाते. प्रत्यक्षात त्या गुणी मुलीच्या, म्हणजे डेबी रेनल्ड्सच्या, एका गाण्याला बेटी नॉइसने आवाज दिला. आणि रेनल्ड्स त्या फाटक्या आवाजाच्या नटीचे संवाद म्हणताना दाखवली आहे तिथे आवाज आहे खुद्द ती नटी करणाऱ्या जीन हेगनचा! यात कुणाचं नुकसान नाही, नुसती लबाडी आहे. पण त्याच चित्रपटाचा संगीत दिग्दर्शक लेनी हेटन हा लीना हॉर्नचा नवरा होता. गोऱ्या पुरुषाने काळ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियाच्या कायद्याची बंदी होती, म्हणून दोघांनी १९४७ मध्ये पॅरिसला जाऊन लग्न केलं आणि १९५० पर्यंत ते जाहीर केलं नाही. पडद्यावर सत्य पडदा ओढून उघडं होत होतं. ज्याच्या छडीवर ते संगीत चाललं त्याने स्वतःचं लग्न तीन वर्षं पडद्याआड ठेवलं होतं.

हॉर्नला खरं तर एक भूमिका मिळायला हवी होती. 'शो बोट'मधली ज्यूली ही मिश्र वंशाची, गोरी म्हणून खपून जाणारी गायिका. तिचं रक्त उघडकीला येतं आणि नाटकमंडळीतून तिला निघावं लागतं. १९४६ च्या एका चित्रपटात हॉर्नने या ज्यूलीचं गाणं गायलंही होतं. पण १९५१ मध्ये एमजीएमने 'शो बोट' केला तेव्हा ज्यूली झाली अ‍ॅव्हा गार्डनर. हॉलिवूडच्या आचारसंहितेला काळ्या-गोऱ्यांचा प्रेमसंबंध पडद्यावर चालत नव्हता, मग खरीखुरी काळी बाई त्या जागी कशी चालेल? गार्डनरच्या गाण्यांना आवाज अ‍ॅनेट वॉरनचा. रंग एकीचा, चेहरा दुसरीचा, गळा तिसरीचा, आणि जिची भूमिका ती घरी. १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये डोरोथी डँड्रिज नायिका झाली. स्वतः क्लबमध्ये गाणारी ही बाई, तरी गाण्यांत आवाज मॅरिलिन हॉर्न या तरुण गोऱ्या ऑपेरा गायिकेचा. बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेराची सुरावट आहे, तयारीचा गळा हवा, हे कारण खोटं नव्हतं. पण अशी खरी कारणं नेमकी एकाच बाजूला किती वेळा सापडतात ते बघण्यासारखं आहे.

मग कुणी म्हणेल, नटाने काहीही व्हावं; नाहीतर बालगंधर्वांचं काय कराल? प्रश्न चोख आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. बालगंधर्वांची सिंधू किंवा भामिनी ही कला होती, यात वाद नाही. पण ती कला ज्या रंगभूमीवर उभी होती तिथे घरंदाज बाईला पाऊल ठेवायला मनाई होती, हेही तितकंच खरं. हिराबाई बडोदेकर उभ्या राहिल्या, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हा बालगंधर्वांची थोरवी कमी झाली नाही. फक्त दार उघडं झालं. पुरुषाने स्त्री होणं किंवा गोऱ्याने काळा होणं हे सोंग म्हणून मला मान्य आहे, पण उलटं सोंगही घेता येत असेल तरच. पॉल रोबसनसारख्या कृष्णवर्णीय गायक-नटाला हॉलिवूडने कधी गोऱ्या जमीनदाराची भूमिका दिली असती का?

कसोटीला उतरणारी उदाहरणं नाहीत असं नाही. 'सिंगिंग इन द रेन'मध्येच एक छोटीशी आहे, पटकन लक्षात न येणारी. झेल्डा नावाची एक नटवी चुगलखोर पोरगी, तीच नायक-नायिकेचं प्रेम त्या खाष्ट नटीच्या कानांवर घालते आणि कथेला कलाटणी मिळते. ती भूमिका रीटा मोरेनोने केली आहे, पोर्तो रिकोत जन्मलेल्या मोरेनोने. तिच्या देशाचा, उच्चारांचा, रंगाचा त्यात कुठे संबंध नाही. ती कापली तर गोष्ट अडखळते. पुढे मोरेनोला वर्षानुवर्षं 'तिकडच्या कुठल्यातरी बाई'च्याच भूमिका मिळाल्या, आणि जिच्यासाठी तिला ऑस्कर मिळालं त्या 'वेस्ट साइड स्टोरी'तल्या पोर्तो रिकोच्याच अनिताच्या भूमिकेत तिला आणखी काळसर रंगवलं होतं. म्हणजे पोर्तो रिकोची बाई पोर्तो रिकोची वाटायला कमी पडत होती!

दुसरं उदाहरण १९६१ चं 'फ्लॉवर ड्रम साँग'. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधली सरळसाधी विनोदी प्रेमकथा, जवळजवळ सगळे नट आशियाई. चिनी पात्रं करणाऱ्यांत जेम्स शिगेटा आणि मियोशी उमेकी जपानी वंशाचे, जॅक सू तर जन्माने गोरो सुझुकी. युद्धकाळात जपानी वंशाचा म्हणून छावणीत कोंडला गेलेला. चिनी काकू करणाऱ्या वानिटा हॉल आफ्रिकन-अमेरिकन. म्हणजे इथेही सगळी भेळ आहे. तरी त्या चित्रपटात आशियाई तरुण हसतो, प्रेमात गोंधळतो, बापाशी हुज्जत घालतो, आणि कात्री कुठेच चालत नाही. बहुतेक सगळे आशियाई-अमेरिकी नट असलेला मोठ्या स्टुडिओचा पुढचा चित्रपट यायला १९९३ उजाडलं.

आपण यात निव्वळ प्रेक्षक आहोत असंही समजू नये. मुंबईत धोबीतलावला मेट्रो थिएटर उभं केलं ते एमजीएमनेच, १९३८ मध्ये. पण त्याच्या आधीच, १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता, मागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. हॉलिवूडच्या कथेत ज्यांना खुर्ची मिळत नव्हती, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी स्विंग उचललं. अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा गोंयकार ट्रंपेटवाला सी. रामचंद्रांकडे वाजवायचा, १९५१ च्या 'अलबेला'तल्या भगवानदादांच्या नाचामागे तो ताल आहे. आणि या गोवेकर अरेंजरांची नावं आपल्या चित्रपटांच्या पाट्यांवर किती वेळा आली? हिंदी चित्रपटातली शांताबाई आणि पांडू हवालदारही कात्री लावून बघावेत. लादी पुसून झाली की मराठी माणूस चौकटीबाहेर.

आता या जुन्या चित्रपटांचं करायचं काय, हा खरा आजचा वाद. माझं म्हणणं: काही कापू नका. १९४२ च्या 'हॉलिडे इन'मध्ये बिंग क्रॉस्बी लिंकनच्या जयंतीला तोंड काळं करून गातो. अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्यांनी अनेकदा ते गाणं गाळून चित्रपट दाखवला आहे. हेतू चांगला आहे, बिनफोर्डच्या अगदी उलट. पण कात्री तीच आणि परिणामही तोच: प्रेक्षकाला काही गेलंय हे कळतच नाही. नाताळच्या रात्री कुटुंबाला एक गोड, निरागस जुना चित्रपट मिळतो, जो असा कधी नव्हताच. सुरुवातीला दोन मिनिटं कुणीतरी समोर बसून सांगावं, बाबांनो, पुढे हे येणार आहे, तेव्हा असं चालायचं, याचा त्रास अमक्यांना झाला. आणि मग सगळं दाखवावं. ज्याला उठून जायचं तो जाईल. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे प्रश्न विचारले जातील, विचारू द्यावेत. माझ्या आजीला उत्तर माहीत नव्हतं, मला शोधायला वीस वर्षं लागली, एवढंच.

'केबिन इन द स्काय'साठी लीना हॉर्नने फेसाने भरलेल्या न्हाणीत बसून एक गाणं म्हटलं होतं. काळी बाई, फेस आणि इतकं मोकळं हसू हे फारच झालं असं वाटून ते चित्रपटातून काढलं. पट्टी मात्र कुणी फेकून दिली नाही. १९९४ मध्ये एमजीएमने आपल्या म्युझिकलच्या आठवणींचा 'दॅट्स एंटरटेनमेंट'चा तिसरा भाग काढला, त्यात ते गाणं आहे. आणि ते दाखवायला, सत्तरी ओलांडलेली हॉर्न स्वतः कॅमेऱ्यापुढे उभी आहे. ज्यूलीची भूमिका कशी गेली तेही ती सांगते, शांतपणे, आवाज न चढवता. या वेळी शेजारी खांब नाही.